खाडीत काढलेला रस्ता

मी नोकरीत नेमकं काय करते, हे मला आईला कधी नीट सांगता आलं नाही. घाटकोपरच्या आमच्या विहारात कुणी विचारलं की ती म्हणायची, "आमची वंदना नकाशात बसती." जालन्याकडून मुंबईत येऊन तिला चाळीसेक वर्षं झाली होती, पण बोली तिकडचीच राहिली. ऐकणाऱ्या बायका समजल्यासारखी मान हलवायच्या. कुणाची मुलगी बँकेत बसते, कुणाची पोस्टात, तशी हिची नकाशात.

मला ते आवडायचं, कारण खरंच तसं होतं. मरोळच्या औद्योगिक वसाहतीत तिसऱ्या मजल्यावर आमचं ऑफिस. खाली पुठ्ठ्याचे खोके बनवायचा कारखाना, त्यामुळे जिन्यात कायम खळीचा वास. वर आल्यावर दार लोटलं की एसीचा गारवा आणि अंधारलेली लांबच लांब खोली. पडदे बंद, कारण स्क्रीनवर उजेड पडलेला चालत नसे. आपल्या खुर्चीत बसायचं आणि पृथ्वी उघडायची.

मी मुळातली ट्रेसर. भूगोल घेऊन बीए झाले आणि एका सर्व्हेवाल्याकडे ट्रेसिंग पेपरवर शाईने नकाशे उतरवायला लागले. पुढे कागद गेले, कॉम्प्युटर आले, आणि एका मोठ्या परदेशी कंपनीच्या नकाशाचं काम आमच्या छोट्या कंपनीला मिळालं. मोठ्या कंपनीचं नाव कुठे घ्यायचं नाही अशा कागदावर मी सही केलेली आहे, म्हणून घेत नाही. तुमच्या हातातल्या मोबाईलवर जो नकाशा "दोनशे मीटरवर डावीकडे वळा" म्हणतो, तशांपैकीच एक.

पहिली काही वर्षं मी नुसते रस्ते काढले. उपग्रहातून घेतलेला फोटो समोर असायचा, त्यावर माऊसने रेघ ओढत जायचं. पांढरट पट्टा दिसला की रस्ता. गच्च्यांवरच्या निळ्या ताडपत्र्या, काळ्या टाक्या, मैदानं, गटारं, सगळं खाली पसरलेलं. ढग असलेले फोटो कंपनी टाकून द्यायची, त्यामुळे आमच्या जगात पाऊस कधी पडला नाही. आवाज नव्हता, वास नव्हता. माणूस दिसलाच तर सावलीच्या बारीक ठिपक्याएवढा. दिवसभर असं वरून तरंगत राहिल्यावर संध्याकाळी साकीनाक्याच्या गर्दीत उतरले की काही क्षण वाटायचं, हे सगळं एवढ्या मोठ्याने का चाललंय.

नंतर रस्ते काढायचं काम यंत्राने घेतलं आणि आम्हाला तक्रारींवर बसवलं. या लेखात सांगायचंय ते त्या कामाबद्दल.

तुम्हाला नकाशात चूक दिसली, तुम्ही "चूक कळवा" दाबलं, चार ओळी लिहिल्या, तर त्या आमच्यासारख्या कुणाच्या तरी स्क्रीनवर यायच्या. कुणाच्या, ते ठरलेलं नसे. माझ्या समोरची तक्रार एखाद्या अशा गावची असायची की ज्याचं नावही मला उच्चारता येत नसे, आणि आमच्या मुलुंडची तक्रार कुठल्यातरी दुसऱ्याच देशातल्या पोरीपुढे जायची. एका तक्रारीला दीड मिनिट. बटणं तीन: मंजूर, नामंजूर, पुरावा अपुरा. कुठलंही दाबलं तरी तक्रारवाल्याला छापील पत्र जायचं. त्याची सुरुवात "आपल्या योगदानाबद्दल आम्ही आभारी आहोत" अशी. त्या पत्रात माझा स्वतःचा एक शब्दही घालता येत नसे. आमच्या टेबलांवर फोन नव्हते. तक्रारवाल्याला आमच्याशी बोलता येत नव्हतं आणि आम्हाला त्याच्याशी.

लोकांना हे कळायचं नाही. ते पत्र लिहिल्यासारखं लिहायचे. नमस्कार, आपला कृपाभिलाषी वगैरे. कितीतरी जण शेवटी विचारायचे, "तिकडे कुणी आहे का?" मी होते. पण "हो" म्हणायचं बटण नव्हतं.

साकीनाक्याला एका गल्लीत दोन सख्खे भाऊ होते, शेजारशेजारच्या गाळ्यांत लेथ मशीन टाकून बसलेले. दर सोमवारी मोठा कळवायचा की धाकट्याचा गाळा कायमचा बंद झाला, आणि मंगळवारी धाकटा मोठ्याचा बंद करायचा. माझे वडील त्याच भागात फिटर होते, तेव्हा ती गल्ली मला पायाखालची. दोन्ही गाळ्यांची शटरं सकाळी एकदमच उघडतात हे मला माहीत होतं. माझ्यापुढे येत तेवढ्या दोघांच्याही तक्रारी मी नामंजूर करत राहिले आणि दोघांनाही आभाराचं पत्र जात राहिलं.

मुलुंडच्या एक निवृत्त शिक्षिका मात्र अजून आठवतात. त्यांच्या इमारतीत पूर्वी एक प्रसूतिगृह होतं. ते बंद झालं, पण नकाशातली खूण नेमकी यांच्या तळमजल्याच्या घरावर येऊन बसली. अवघडलेल्या बायका, घाबरलेले नवरे, सगळे यांची बेल वाजवायचे. बाई शुद्ध मराठीत, विरामचिन्हांसकट तक्रार लिहायच्या. दोनदा ती माझ्याकडे आली, दोन्हीदा मी खूण काढली आणि दोन्हीदा ती आठवड्याने परत उगवली, कारण कुठल्यातरी जुन्या यादीतून यंत्र ती पुन्हा पुन्हा उचलत होतं. बाईंनी शेवटी लिहिलं, "आता राहू द्या. मी दारात बाक ठेवला आहे आणि जवळच्या दवाखान्याचा पत्ता भिंतीवर लिहिला आहे. काल एक गृहस्थ मुलगी झाली म्हणून पेढे घेऊन आले. ते दवाखान्यात देण्याआधी मला देऊन गेले." ते मी दीड मिनिटात वाचलं, आणि मग कुठलं बटण दाबावं ते कळेना. बाईंनी काही मागितलंच नव्हतं. मी "पुरावा अपुरा" दाबलं. त्याची मला अजून लाज वाटते.

आता माहुलचं सांगते.

एका दुपारी माझ्या समोर एक तक्रार आली. आमच्याकडे मूळ मजकूर आधी दिसत नसे. यंत्राने केलेलं इंग्रजी भाषांतर दिसे, मूळ बघायला वेगळं दाबावं लागे आणि दीड मिनिटात ते सहसा कुणी करत नसे; मराठी असलं की मी मात्र करायचे. या तक्रारीचं भाषांतर असं होतं: या रस्त्यावर होळी असते, वाहनं पाठवू नका. तीच तक्रार आधी कितीतरी वेळा येऊन गेली होती. प्रत्येक वेळी कुणीतरी नामंजूर केलेली. एकाने जरा आपुलकीने शेरा मारला होता: सणापुरता रस्ता बंद ठेवावा.

मी मूळ मजकूर उघडला. बोलून टाईप केलेला होता. "इथे पाणी भरतं गाडी नको इथे होळी जाते." मी जागा पाहिली. माहुलची खाडी. कोळीवाड्याच्या बंदरापासून निघून खारफुटीच्या कडेने, चिखलाच्या मैदानातून पलीकडच्या किनाऱ्याला लागणारी एक बारीक पांढरी रेघ. रस्ता.

मी ते वाक्य ओठांतल्या ओठांत दोनदा म्हटलं. घाटकोपरच्या बाजारात मी जिच्याकडून बोंबील घेते ती बाई होडीला होरी म्हणते. मोबाईलने होरी ऐकलं आणि होळी लिहिलं होतं. इथे होडी जाते.

प्रत्येक रेघेच्या मागे तिचा इतिहास असतो, कधी काढली, कुणी काढली. नावं नसतात, नंबर असतात. मी सहज उघडून पाहिलं. पहिल्या ओळीत माझा नंबर होता.

मला ती रेघ काढल्याचं अजिबात आठवत नव्हतं. त्या वर्षी मी अशा हजारो काढल्या असतील. जुना फोटो उघडून पाहिला तेव्हा कळलं. तो नेमका ओहोटीच्या वेळचा होता. पाणी पार आत गेलेलं, चिखल वाळून राखाडी झालेला आणि त्यावरून एक स्वच्छ पांढरट पट्टा गेलेला. कुणीही काढला असता. पण काढला होता मी. मी खुर्चीत मागे टेकून बसले. आजूबाजूला सगळे टक्-टक् बटणं दाबत होते. खोलीत इतकं शांत होतं की मला आपण पाण्याखाली बसल्यासारखं वाटलं.

मी रस्ता काढून टाकला. मंजूर. पाच दिवसांनी तो परत आला. कारण दिलं होतं: या मार्गावर हालचाल आढळते.

हे जरा समजावून सांगते. लोकांच्या खिशातले मोबाईल कुठून कुठे जातात ते यंत्राला दिसतं. त्यावरून रस्ता चालू आहे की नाही ते ते ठरवतं. आता नकाशा बघून माणसं त्या चिखलात उतरत होती, आणि ती उतरत होती म्हणून यंत्राला रस्ता पटत होता. शिवाय भरतीच्या वेळी तिथूनच कोळ्यांच्या होड्या जायच्या, त्यांच्याही खिशात मोबाईल.

आमचा टीम लीडर रोहन, बोरिवलीचा, माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान. मी त्याच्याकडे गेले.

"रोहन, तिथे खाडी आहे रे."

"मॅडम, डेटा सांगतोय लोक जातायत."

"जात नाहीयेत, फसतायत."

"फसायला तरी गेले ना. यंत्राला तेवढंच कळतं."

"मग वर कुणाला तरी फोन कर."

तो हसला, पण वाईट हसला नाही. त्याने आपला स्क्रीन माझ्याकडे वळवला. त्याने वर पाठवलेल्या विनंत्यांची यादी होती, आणि प्रत्येकीखाली एकच उत्तर. आपल्या योगदानाबद्दल आम्ही आभारी आहोत.

"माझ्याकडे कुणाचा नंबर असणार, यार मॅडम," तो म्हणाला. "मी पण फॉर्मच भरतो. मला पण तेच पत्र येतं."

इतकी वर्षं मला वाटत होतं की भिंतीच्या एका बाजूला लोक आहेत आणि दुसऱ्या बाजूला आम्ही. त्या दिवशी कळलं की आम्हीही बाहेरच उभे आहोत.

तक्रारवाल्याला भेटायला जाणं नियमात बसत नव्हतं. तरी त्या रविवारी मी सकाळी घाटकोपरहून बस धरली आणि चेंबूरहून रिक्षाने माहुलला गेले. जाड्या पाईपांच्या ओळी, टाक्या, तेलाचा गोडसर वास. मग एका वळणावर ते सगळं अचानक मागे राहिलं आणि सुक्या मासळीचा वास आला. रंगवलेल्या होड्या, निळी जाळी, पुढे बंदर, आणि बंदराच्या टोकाला जिथून माझी रेघ सुरू होत होती तिथे एक म्हातारी खुर्ची टाकून बसलेली. तिच्यासमोर दोन बांबू आडवे बांधले होते आणि त्यांना लाल लुगड्याची चिंधी.

मी तिथवर गेले तशी ती न बघताच म्हणाली, "पुरं नको जाऊस बाय. रस्ता नाय."

"मावशी, मोबाईलवर तक्रार तुम्ही करता का? होरीची?"

तिने मान वर केली. सत्तरीची असेल. चेहरा उन्हाने रापलेला, डोळे लख्ख. "मीच करतंय. तू कंपनीशी आयलीस?"

"कंपनीतली नाही. कंपनीचं काम करते."

"येकच झाला," ती म्हणाली आणि उलट्या ठेवलेल्या टोपलीवर मला बसायला सांगितलं.

तिचं नाव चांगुणा. पाय दुखतात म्हणून मासळी विकायला जाणं बंद झालेलं. मुलगा काशिनाथ होडी चालवतो. मुलगा-सून कामावर गेले की ती इथे येऊन बसते, कारण कुणीतरी बसायला हवं. तिने मला पार्सलवाल्या मुलीची गोष्ट सांगितली. अंगात कंपनीचा शर्ट, पाठीवर मोठी बॅग, स्कूटर.

"तवा मी जेवाला घरी गेलेली. मोबाईल तिला सांगतंय सीधा जा, ती सीधी गेली. मांडीपोत रुतली. आनि पानी येत होता. मी तिचा वरडना आयकला. गावातली मानसा फल्या टाकून गेली, तवा ती बाहेर आयली. स्कूटर तितंच रायली." तिने समोर बोट दाखवलं. चिखलातून एका हँडलचं टोक वर आलेलं होतं, त्यावर एक बगळा बसला होता. "ती मना काय म्हनाली म्हायत हाय? म्हनं, मावशी, मोबाईल खोटा कशाला बोलंल?"

ती रेघ माझी, हे तेव्हाच सांगायला हवं होतं.

पुरावा लागतो, एवढंच मी तिला सांगितलं. भरतीच्या वेळचा, त्याच जागेवरचा फोटो. काशिनाथ घरी होता. भरती पूर्ण व्हायला अजून तीन-चार तास होते, तोवर चांगुणाबाईंनी मला चहा आणि तळलेले बोंबील खायला घातले. मग काशिनाथने होडी सोडली.

तो तासभर मी कधी विसरणार नाही. चिखल कुठे उरलाच नव्हता. सगळीकडे पाणी, आणि त्याचा रंग कुठेच ठरत नव्हता. जरा शिसवी, जरा रुपेरी. खारफुटीची झाडं गळ्यापर्यंत बुडून स्वस्थ उभी. दूर कारखान्यांच्या चिमण्या धुक्यात विरघळल्यासारख्या, आणि त्यांच्या अलीकडे फ्लेमिंगोंचा थवा, इतका फिकट गुलाबी की आधी मला तो उजेडच वाटला. काशिनाथने इंजिन बंद केलं आणि वल्हं घेतलं. मी मोबाईलवर नकाशा उघडला. निळा ठिपका माझ्या रेघेवर होता. होडी जशी सरके तसा तो रेघेवरून सरकत होता, जराही इकडेतिकडे न होता. आयुष्यभर जे मी वरून पाहिलं त्याच्या आत मी पहिल्यांदा उतरले होते. इथे वारा होता, ओलावा होता, वल्ह्याचा चुबुक चुबुक आवाज होता.

मोबाईल बोलला, "तीनशे मीटर सरळ जा."

"जातोय ना बाबा," काशिनाथ म्हणाला आणि वल्हवत राहिला.

मी फोटो काढले. होडी, पाणी आणि स्क्रीनवरचा ठिपका एकाच चौकटीत येतील असे. बंदरावर परत आल्यावर चांगुणाबाईंच्या शेजारी बसून साध्या गिऱ्हाइकासारखी मी तक्रार पाठवली. लगेच पोच म्हणून तेच आभाराचं पत्र आलं. मी ते तिला वाचून दाखवलं.

"मना पन तोच आयलाय," ती म्हणाली. "बरा लिवतंय. कोन लिवतंय हा?"

"कुणीच नाही, मावशी."

"तरीच," ती म्हणाली.

मी तिला माझा नंबर दिला. इतक्या वर्षांत मी पहिल्यांदाच तक्रार करणाऱ्या कुणाला तरी नंबर दिला.

आठवड्याने माझी तक्रार नामंजूर झाली. फोटोतलं पाणी तात्पुरतं असू शकतं, असा शेरा. शेरा मारणारा कुठे बसला होता कुणास ठाऊक. कदाचित त्याने समुद्र पाहिलाच नसेल, आणि दीड मिनिटात तो तरी काय करणार.

पुढे दोन दिवस मी फक्त त्या रेघेचा विचार करत होते. आईने ताटात काय वाढलं तेही मला कळत नसे. तिसऱ्या दिवशी बसमध्ये सुचलं. यंत्र म्हणतं इथे हालचाल आहे. आहेच. ते खोटं बोलत नाही. मग रेघ पुसायचीच कशाला? ती कशाची आहे तेवढं बदलायचं. आमच्या यादीत रस्त्यांचे बरेच प्रकार होते: महामार्ग, गल्ली, पायवाट, आणि पार तळाला, कधीच न वापरलेला, होडीचा मार्ग.

स्वतः तक्रार केलेल्या जागेला हात लावायचा नाही असा नियम होता. मी रोहनला जाऊन सगळं सांगितलं. माझा नंबर पहिल्या ओळीत आहे तेही सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि घड्याळात पाहिलं.

"मला यातलं काही सांगितलं नाहीये तुम्ही," तो म्हणाला. "मी चहाला जातो. दहा मिनिटं लागतील."

मी रेघ निवडली, प्रकार बदलला आणि मंजूर दाबलं. पांढऱ्या रेघेची निळी तुटक रेघ झाली. पाच दिवस गेले, दहा गेले, महिना गेला. ती तशीच राहिली. होड्यांचा संथ वेग, भरतीच्या वेळा, सगळं यंत्राच्या हिशेबात बसलं असणार. गाड्या त्या वाटेला वळणं बंद झालं.

माझ्या नोकरीत मी केलेलं सगळ्यात चांगलं काम कोणतं असं कुणी विचारलं, तर ती निळी तुटक रेघ दाखवीन. ते एका यंत्राला चकवून केलेलं आहे हेही सांगीन.

दोनेक महिन्यांनी चांगुणाबाईंचा फोन आला. "आता येगलाच झाला," ती म्हणाली. "लोक होरी मागाला येतान. काल येक नवरा-बायको आयली, इचारतान तिकिट कुटं मिलतंय."

"मग तुम्ही काय सांगितलं?"

"सांगितला, तिकिट नाय. च्या पिऊन जावा." मग जरा थांबून, "तू कवा येतंस?"

येते म्हणाले आणि गेले नाही. तोवर आमच्या ऑफिसात तक्रारीही यंत्रच बघायला लागलं होतं. आधी एक रांग रिकामी झाली, मग दुसरी. रोहनने पवईला दुसरी नोकरी धरली. जाताना त्याने खिडकीचा पडदा सरकवला, आणि इतकी वर्षं आम्ही जिथे बसलो त्या खोलीत पहिल्यांदा ऊन आलं. कार्पेटवरचे चहाचे डाग दिसले. शेवटच्या आठवड्यात मी आणि आणखी दोघी एवढ्याच उरलो होतो. तक्रारी येतच होत्या, आम्ही फक्त त्या सरकताना बघायचो. एकीत कुणीतरी लिहिलं होतं, "सहा महिने झाले, कुणी वाचतंय का?" मी वाचत होते. पण तोपर्यंत बटणंही काढून घेतली होती.

नोकरी संपल्यावर मी एका साध्या बुधवारी माहुलला गेले. सकाळचे अकरा वाजले असतील. ओहोटी होती. चांगुणाबाई बांबूंवर वाळत घातलेले बोंबील उलटत होती. वाटेवरचे आडवे बांबू आणि लाल चिंधी आता नव्हती. मी तिच्या बाजूला उभी राहून बोंबील उलटायला लागले, आणि तिच्याकडे न बघता सांगून टाकलं.

"मावशी, तो रस्ता मी काढला होता. बऱ्याच वर्षांपूर्वी. ती पार्सलवाली मुलगी माझ्यामुळे रुतली. मागे आले तेव्हा सांगायचं धाडस झालं नाही."

तिचे हात थांबले नाहीत. एक बांबू पूर्ण झाला, ती दुसऱ्याकडे वळली.

"कशी काय काढलास?" तिने विचारलं.

"वरून फोटो काढतात. तो बघून."

"वरशी बगलास. कवा? सुकतीला?"

सुकती म्हणजे ओहोटी, हे मला एव्हाना माहीत झालं होतं. "हो. सुकतीच होती."

"मंग बरोबर काडलास," ती म्हणाली. "वाट हाय तितं. मी त्याच वाटेशी आयलीय. माज्या लग्नाला पल्याडशी वराड होरीतून निंगाला, मधीच सुकती लागली, होरी रुतली. मंग सगली उतरली. मी, माजी आयस, वाजाप वाजवनारी, सगली चिखलातशी चालत. नवं लुगडं गुडघ्यावर." ती स्वतःशीच हसली. "ती वाट खोटी कशी व्हईल? तू फकस्त येल लिवाची होतीस."

वेळ लिहायला आमच्याकडे जागा नव्हती, असं मी सांगणार होते. सांगितलं नाही.

तिने हात पुसले, लुगडं वर खोचलं आणि माझ्या चपलांकडे बोट केलं. "कार त्या. चल, दाखवतंय."

"तुमचे पाय दुखतात ना?"

"हल्लूहल्लू जाव."

आम्ही बंदराच्या पायऱ्यांवरून उतरलो. पहिली पावलं मऊ होती, घोट्यापर्यंत गेली. मग तिने मला जरा डावीकडे घेतलं आणि पायाखाली अचानक टणक लागलं, शिंपल्यांचा जाड थर, कित्येक वर्षं पावलांनी दाबून बसवलेला. वरून दिसला होता तो पांढरट पट्टा हाच. तो उन्हात चमकत होता. दोन्हीकडे ओला, काळा चिखल, त्यात निवटे मासे टुणटुण उड्या मारत होते. चांगुणाबाई माझा दंड धरून चालत होती. कुठे कालवं मिळतात, कुठे चिंबोरी लपते, कुठे पाय द्यायचा नाही, ते दाखवत होती. मागे कोळीवाडा लहान होत गेला. आवाज गेले. मध्यावर आल्यावर तिला दम लागला म्हणून आम्ही थांबलो. चहूकडे राखाडी, चकचकीत जमीन आणि वर तसंच आभाळ.

मग तिने दूर समुद्राकडे पाहिलं. मला तिथे काहीच वेगळं दिसत नव्हतं.

"पानी याला निंगाला," ती म्हणाली. "चल घरी."

आम्ही वळलो. ती पुढे, मी तिच्या पावलांत पाऊल टाकत मागे.